अंतरावरचा कर : सातारा-सांगलीतील इंधनकराविषयी एक संवाद

पेट्रोल आणि डिझेल १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. त्यांच्यावर केंद्र सरकार लिटरमागे ठरावीक रकमेचा अबकारी कर घेते. तो धरून जी किंमत होते तिच्यावर राज्य सरकार टक्केवारीने मूल्यवर्धित कर, म्हणजेच व्हॅट, आकारते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचा कर पेट्रोलवर २१.९० रुपये आणि डिझेलवर १७.८० रुपये झाला. महाराष्ट्राचा दर १ जुलै २०२४ पासून राज्यभर एकच झाला : पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये, डिझेलवर २१ टक्के. २०२५ मध्ये पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास असताना त्यातले सुमारे ४६ रुपये या दोन करांचे होते.

हा कर सगळीकडे सारखा असला तरी त्याचा भार सारखा नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाटण-जावळीची डोंगरखोरी आहेत, कृष्णाकाठचा ऊसपट्टा आहे आणि माण, खटाव, आटपाडी, जतसारखा कमी पावसाचा विरळ वस्तीचा मुलूखही आहे. शेत, कारखाना, दवाखाना, कॉलेज या साऱ्यांसाठी इथला माणूस वाहनावर अवलंबून आहे. अशा माणसावर इंधनकराचा परिणाम काय होतो, याविषयीच्या दोन भूमिका पुढे मांडल्या आहेत. कर योग्य आहे असे समर्थक मानतो. तो चुकीच्या माणसाला जड जातो असे आक्षेपकाचे म्हणणे आहे.

समर्थक : इंधनकर वसूल करायला सोपा आणि चुकवायला कठीण आहे. ज्याने जितके जाळले त्याने तितके भरले, इतका सरळ हिशेब दुसऱ्या फार थोड्या करांत सापडतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, म्हणून प्रत्येक लिटर परकीय चलनही जाळतो. शिवाय इंधन जाळण्याची किंमत कोणीतरी मोजतच असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगली बुडवली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. एकेका घटनेचा दोष एकाच कारणावर टाकता येत नाही हे खरे, पण तापत्या हवेत अतिवृष्टीच्या घटना वाढतात हे विज्ञान सांगते आणि या दोन जिल्ह्यांना त्याची झळ आधीच बसली आहे. राहिला गरिबांचा मुद्दा. अशोकांकुर दत्ता यांनी २०१० मध्ये भारतातील इंधनकराच्या भाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. थॉमस स्टर्नर यांनी संपादित केलेला अनेक देशांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. दोहोंतून दिसते ते असे की भारतासारख्या देशात रॉकेल वगळता इंधनावरचा कर गरिबांपेक्षा श्रीमंतांच्या खर्चातला मोठा वाटा घेतो, कारण गरीब घरात वाहन कमी आणि इंधन त्याहून कमी. गरिबांच्या नावाने या करावर बोट ठेवताना हे आधी लक्षात घ्यावे लागेल.

आक्षेपक : त्या अभ्यासांत माणसे उत्पन्नाच्या पायऱ्यांवर मांडलेली आहेत. अंतराच्या पायऱ्यांवर मांडली तर चित्र वेगळे दिसते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावातून कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला येणारा कामगार घ्या. समजा त्याचा रोजचा जाण्यायेण्याचा पल्ला ६० किलोमीटर आहे आणि त्याची दुचाकी लिटरला ५० किलोमीटर जाते. रोज सव्वा लिटरच्या जवळ पेट्रोल लागते आणि त्यात कराचे ५५ रुपये जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,४३० रुपये. पगार १५,००० असेल तर साडेनऊ टक्के. आता सांगलीतल्या विश्रामबागेत राहणारा, महिन्याला लाखभर मिळवणारा गृहस्थ घ्या. तो रोज मोटारीने १० किलोमीटर फिरतो आणि मोटार लिटरला १५ जाते. त्याचा कर महिन्याला ८०० रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी. पंपावर ‘शंभरचे टाका’ म्हणणारा पहिला आहे आणि ‘टाकी फुल करा’ म्हणणारा दुसरा. ज्याच्या घरी वाहनच नाही त्याला आणि या कामगाराला एका गटात घालून सरासरी काढली तर कामगार दिसेनासा होतो. कर गरिबांना सरसकट जड जातो असा इथे दावा नाही. लांब राहणाऱ्या कमी कमाईच्या माणसाला तो जड जातो, आणि या दोन जिल्ह्यांत असा माणूस अपवाद नाही.

समर्थक : हिशेब बरोबर आहे. पण त्यातून निघणारा उपाय कोणता? दर उतरवणे हाच असेल तर तोच हिशेब पुढे नेऊन पाहावा. लिटरमागे ५ रुपये कमी केले तर त्या कामगाराचे महिन्याला १५६ रुपये वाचतील. रोज ५० किलोमीटर फिरणाऱ्या, लिटरला १० जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या मालकाचे ६५० वाचतील. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले, तेव्हा तिजोरीवर वर्षाला सुमारे ६,००० कोटींचा भार पडेल असे सांगितले गेले. एवढ्या पैशातला मोठा वाटा जास्त जाळणाऱ्याकडे गेला. आणि ज्याच्याकडे दुचाकीही नाही त्याचे काय? तासगावच्या द्राक्षबागेत कामाला जाणारी मजूर बाई, माणमधून सातारच्या सिव्हिलला येणारी म्हातारी माणसे, अकरावीला तालुक्याला येणारी मुलगी. त्यांना एसटी लागते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. ही सवलत सरकारी तिजोरीतूनच भरून द्यावी लागते. कर उतरवून वाहनवाल्याला दिलेला रुपया हा बसवाल्याकडून काढलेला रुपया असतो.

आक्षेपक : अर्धे तिकीट हा चांगला निर्णय आहे, पण गाडी आलीच नाही तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग नाही. वाडीवस्तीवरची मुक्कामी एसटी एकेकाळी पहाटे माणसे घेऊन तालुक्याला निघायची. अशा अनेक फेऱ्या बंद झाल्या किंवा अनियमित झाल्या. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपाच्या काळात तर गावांना वडापशिवाय आधारच उरला नाही. वडाप म्हणजे खासगी जीप, आणि तिचे भाडे डिझेलच्या भावाबरोबर वाढते, म्हणजे ज्याच्याकडे वाहन नाही असे तुम्ही म्हणता तोही इंधनकर भरतोच. एसटीच्या तिकिटातही १७.५ टक्के प्रवासी कर राज्य सरकारचाच आहे आणि गाडीत भरलेल्या डिझेलवरचा कर वेगळा. तिकीट जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. एका हाताने सवलत आणि दुसऱ्या हाताने दोनदा कर, असा हा व्यवहार आहे.

रेल्वेकडे पाहावे तर पुणे-मिरज मार्ग या दोन्ही जिल्ह्यांतून जातो, पण साताऱ्याचे स्थानक माहुलीला आणि कराडचे ओगलेवाडीला, गावाबाहेर आहे. विटा, वाई, मेढा, पाटण यांना रेल्वे नाही. जत रोड नावाचे स्थानक आहे, पण ते जत गावाजवळ नाही. मिरज ही दवाखान्यांची पेठ. जतहून तिथे पोचायला ऐंशी किलोमीटरच्या आसपास जावे लागते, आणि संध्याकाळी डॉक्टरांचे बोलावणे येईपर्यंत परतीची गाडी निघून गेलेली असते. अशा रुग्णाच्या नातेवाइकाने भाड्याची जीप केली तर त्यावरचा कर कोणते प्रदूषण कमी करण्यासाठी आहे? किंमत वाढली म्हणजे माणूस वापर कमी करतो हे त्या कराचे तत्त्व. वापर कमी करायला दुसरी वाट लागते. ती नसेल तर माणूस इंधन सोडत नाही. तो दूध, भाजी, मुलाची फी यांतून पैसे काढतो.

समर्थक : दुसरी वाट सर्वत्र नाही हे मान्य केले पाहिजे. पण वापर कमी करण्याची जागा फक्त प्रवासात नसते. या भागातले कितीतरी डिझेल उसाच्या ट्रॅक्टरांत जळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. रेठरे, शेंद्रे, भुईंज, साखराळे, कुंडल, वांगी, वाळवा अशा थोड्या अंतरावर कारखाने उभे असताना एकाच्या दारातला ऊस दुसऱ्याच्या काट्यावर जातो. गाळप भरून काढण्यासाठी लांबून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, आणला जातो. डिझेल महाग असेल तर कारखाना जवळचा ऊस आधी उचलेल, ट्रॉल्या रिकाम्या परतणार नाहीत याची काळजी घेईल. कर हे काम न बोलता करतो. त्यासाठी सरकारला कारखान्याच्या दारात निरीक्षक उभा करावा लागत नाही.

आक्षेपक : उसाचे उदाहरण नेमके उलटे बोलते. एफआरपी, म्हणजे उसाला सरकारने ठरवून दिलेला रास्त भाव, हा कारखान्याच्या दारातला भाव आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापून घेतो. ही कपात सर्वसाधारणपणे सरासरीने होते. कारखान्यापासून चार किलोमीटरवरचा शेतकरी आणि चाळीस किलोमीटरवरून आलेला गेटकेन यांच्या वाहतुकीची बेरीज करून ती सगळ्यांच्या टनांवर वाटली जाते. डिझेल वाढले की वाहतूकदार दर वाढवून मागतात, दर वाढला की कपात वाढते आणि उसाचा हाती येणारा भाव घटतो. लांबून ऊस आणायचा की नाही हे ठरवतो कारखाना, आणि त्याच्या डिझेलवरचा कर भरतो जवळचा शेतकरी. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला किंमत लागत नाही, आणि ज्याला किंमत लागते त्याच्या हातात निर्णय नाही. अशा ठिकाणी कर कितीही वाढवला तरी एक ट्रॉली कमी होणार नाही. द्राक्षबागेचेही तेच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पावसाचे ढग आले की डाऊनी हा रोग येऊ नये म्हणून ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारण्यांवर फवारण्या घ्याव्या लागतात. डिझेल महाग आहे म्हणून बागायतदार फवारणी टाळू शकत नाही. टाळली तर वर्ष जाते. व्यापाऱ्याला भाव वाढवून सांगण्याची ताकद त्याच्यात नाही, म्हणून तो कर पुढे ढकलताही येत नाही.

समर्थक : सरासरी कपातीचा दोष कपातीच्या पद्धतीचा आहे, कराचा नाही. अंतराप्रमाणे टप्पे पाडून कपात केली तर जवळच्याला न्याय मिळेल आणि डिझेलची किंमत ज्याला लागायला हवी त्याला लागेल. उलट कर उतरवून तो दोष झाकला तर गेटकेन आणखी लांबून येईल. ब्लोअरच्या डिझेलचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तिथे उत्पादनाला लागणारे इंधन आणि प्रवासाला लागणारे इंधन यांत भेद करता येतो, आणि तसा भेद महाराष्ट्राला नवा नाही. कोकणातल्या यांत्रिक मासेमारी नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत दिला जातो. ब्रिटनमध्ये शेतीच्या यंत्रांसाठी लाल रंग घातलेले, कमी कराचे डिझेल मिळते. सहकाराचे एवढे दाट जाळे असलेल्या सांगलीत द्राक्षबागायतदाराला संस्थेमार्फत परतावा देणे अशक्य नाही.

आक्षेपक : अशक्य नाही, पण परताव्याचा अनुभव किनाऱ्यावर जाऊन विचारावा. कर पंपावर त्याच क्षणी कापला जातो आणि परताव्याची थकबाकी मिळावी म्हणून मच्छीमारांना वर्षानुवर्षे मागण्या कराव्या लागल्या आहेत. आणि कवठेमहांकाळहून कुपवाडला येणाऱ्या कामगाराची कोणती संस्था आहे? त्याची दुचाकी सकाळी कामाला जाते, संध्याकाळी बाजार आणते, रविवारी जोतिबाला जाते. त्यातले कोणते पेट्रोल गरजेचे आणि कोणते हौसेचे हे कोण ठरवणार?

त्याहून मोठी तक्रार कराच्या हेतूची आहे. सरकारे हा कर हवामानासाठी लावत नाहीत. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल घसरले तेव्हा केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. मे २०२० मध्ये जग बंद असताना आणि तेल मातीमोल झाले असताना पेट्रोलवरचा केंद्राचा कर ३२.९८ रुपयांवर आणि डिझेलवरचा ३१.८३ रुपयांवर गेला. २०१४ मध्ये ते आकडे ९.४८ आणि ३.५६ होते. भाव उतरला तर सरकार घेणार आणि भाव चढला तर गिऱ्हाईक देणार, असा हा रिवाज झाला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये कर कमी झाला हे खरे, पण तोवर पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. राज्यही मागे नाही. २०१५ च्या दुष्काळात मदतनिधी म्हणून लिटरमागे २ रुपये वाढवले गेले. ज्या माण-खटाव-आटपाडीत दुष्काळ होता तिथल्या टँकरवाल्यानेही ते भरले. आणि जुलै २०२४ मध्ये कर कमी झाला तो कुठे? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा जादा दर काढून तो उर्वरित राज्याच्या पातळीवर आणला गेला. सवलत लोकल आणि मेट्रो असलेल्या शहरांना मिळाली. सातारा-सांगलीला त्या दिवशी एक पैसाही मिळाला नाही.

समर्थक : तिथे दर आधी जास्त होता म्हणून तो समान केला गेला, यात अन्याय शोधणे ताणलेले आहे. पण मुंबईतल्या प्रवाशाला पर्याय आहे आणि पाटणच्या प्रवाशाला नाही, म्हणून मुंबईचा दर जास्त असणेच तर्काला धरून होते, हे कबूल करावे लागेल. २०१४ पासूनच्या वाढींत महसुलाची गरज हे मुख्य कारण होते हेही खरे. तरी महसूल म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे. त्यातून रस्ते होतात, आणि रस्त्याचा लाभ वाहनावर अवलंबून असणाऱ्यालाच सर्वांत अधिक.

आक्षेपक : रस्त्याचा हिशेबच काढू. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या २१.९० रुपयांची फोड अशी होती : मूळ अबकारी कर १.४०, विशेष अतिरिक्त कर १३, शेती पायाभूत सुविधा अधिभार २.५०, रस्ते व पायाभूत सुविधा अधिभार ५. राज्यांना वाटून दिला जातो तो फक्त मूळ करातला हिस्सा, म्हणजे १.४० रुपयांमधला. बाकीचे अधिभार वाटपाच्या बाहेर आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावरून साताऱ्याहून कराडला जाणारा मोटारवाला लिटरमागे ५ रुपये रस्त्यासाठी भरतो आणि तासवडेच्या नाक्यावर टोलही भरतो. पुण्याकडे जाताना आनेवाडीला तेच. त्याला निदान चांगला रस्ता मिळतो. कोयनेच्या पाणलोटात राहणारा, बामणोली-तापोळ्याच्या लाँचमधून जाणारा माणूस रस्त्याचा अधिभार पाण्यावरच्या प्रवासात भरतो. शेतीच्या नावाचा अधिभार तर डिझेलवर लिटरमागे ४ रुपये, पेट्रोलपेक्षा जास्त आहे. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. ज्याच्या नावाने कर घेतला त्याच्याकडूनच तो अधिक घेतला गेला.

समर्थक : अधिभारांच्या या रचनेचे समर्थन कोणालाही नीट करता येणार नाही, आणि ते इथे करायचेही नाही. राज्याच्या वाट्याबाहेर ठेवलेला पैसा गावाच्या रस्त्यापर्यंत कसा पोचला हे दाखवण्याची जबाबदारी केंद्राची आहे. पण यातून कर नको असा निष्कर्ष निघत नाही, कर कोणाकडे जातो हे बदला असा निघतो. दर उतरवण्याचे प्रयोगही पाहावेत. एप्रिल २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि भाव एकदम ११ रुपयांनी उतरला. लोकांना आनंद झाला, पण तो दर टिकला नाही. पुढे गोव्यालाही कर वाढवावा लागला. आपल्या सीमेवर पाहा. मिरजेच्या पुढे कागवाडला आणि जतच्या पलीकडे कर्नाटकात इंधन स्वस्त होते म्हणून इकडच्या गाड्या तिकडे जाऊन भरायच्या. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर आणि डिझेलवरचा १४.३४ वरून १८.४४ टक्क्यांवर नेला. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलचा दर २१.१७ टक्के झाला, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास बरोबरीला आला. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, या पैशावाचून त्याचे भागत नाही. भागानुसार दर कमी ठेवायचा तर ब्रिटनने तो २०१२ पासून स्कॉटलंडच्या बेटांसारख्या दुर्गम भागांत लिटरमागे ५ पेन्सांनी कमी ठेवला आहे. बेटाभोवती समुद्र असतो म्हणून ते जमते. जत तालुक्याला स्वस्त दर दिला तर आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यांतल्या गाड्या जतला येऊन भरतील.

आक्षेपक : म्हणून दराऐवजी माणसाला पैसे द्या, असे सांगितले जाते. कॅनडाने तेच केले. कार्बनकर घेतला, पैसे कुटुंबांना परत दिले आणि ग्रामीण कुटुंबांना जादा दिले. ती जादा रक्कम २०२४ मध्ये १० टक्क्यांवरून २० टक्के झाली. तरीही लोकांना पंपावरचा कर दिसला, खात्यात आलेला परतावा दिसला नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा तो कर बंद करावा लागला. फ्रान्समध्ये तर परताव्याची व्यवस्थाच नव्हती. २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर आले. त्यांत लहान गावांतले, कामासाठी रोज दूर मोटार चालवणारे लोक मोठ्या संख्येने होते. डिसेंबरात सरकारने ठरलेली वाढ मागे घेतली. पॅरिसचा मेट्रोवाला कर सोसू शकत होता, गावातला मोटारवाला नाही. ही कुपवाडच्या कामगाराचीच अडचण आहे, फक्त दुचाकीच्या जागी मोटार आहे.

आता विजेच्या गाड्या आल्या. ज्याच्याकडे पैसा आणि घराखाली चार्जिंगची जागा आहे तो पेट्रोलच्या करातून बाहेर पडत आहे. मागे उरतो तो जुनी दुचाकी आणि जुना ट्रॅक्टर असलेला. भरणारे कमी झाले की उरलेल्यांवर दर वाढवण्याचा मोह सरकारला होणार.

समर्थक : तोच बाहेर पडण्याचा दरवाजा त्या कामगारासाठी उघडता येईल. रोजचे ६० किलोमीटर हे विजेच्या दुचाकीच्या आवाक्यातले अंतर आहे. कोयनेची जलविद्युत ज्या पाण्यावर चालते ते धरण सातारा जिल्ह्यात आहे, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पेट्रोल स्वस्त ठेवले तर ती दुचाकी घ्यायला कोणी पुढे येणार नाही. अडथळा एकरकमी किमतीचा आहे, आणि इंधनकरातला पैसा त्या कर्जाच्या व्याजाकडे वळवणे हा दर उतरवण्यापेक्षा टिकाऊ उपाय आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इंधन स्वस्त झाले की एसटीचा प्रवासी दुचाकीवर जातो. प्रवासी गेला की फेरीचे भारमान घसरते, भारमान घसरले की फेरी बंद होते, आणि मग ज्याच्याकडे दुचाकी नाही तो उघड्यावर पडतो. दर उतरवण्याची मागणी करणारा माणूस नकळत स्वतःच्याच गावची शेवटची गाडी घालवत असतो.

आक्षेपक : त्याच साखळीचे दुसरे टोकही पाहावे लागेल. इंधन महाग ठेवले म्हणून गाडी परत आलेली नाही. पेट्रोल शंभरच्या वर गेल्याला वर्षे लोटली. या काळात पाटणच्या खोऱ्यात किंवा जतच्या पूर्व भागात एसटीच्या फेऱ्या त्या प्रमाणात वाढल्या असत्या तर हा आक्षेपच उरला नसता. कर आज भरायचा आणि पर्याय उद्या येणार, असे सांगितले जाते. तो उद्या आगाराच्या वेळापत्रकावर दिसत नाही. क्रम उलटा हवा. रात्रपाळी सुटण्याच्या वेळेला कुपवाड, शिरवळ, पलूसच्या एमआयडीसीतून गावाकडे गाडी निघू दे, मिरजेहून संध्याकाळी उशिरा जतला गाडी जाऊ दे. त्यानंतर जो दुचाकीवरच जाईल त्याच्याकडून हवा तेवढा कर घ्यावा.

समर्थक : आणि ती गाडी चालवायला पैसा कुठून आणायचा? कर आधी उतरवला तर गाडी येणार नाही, गाडी आधी आणायची तर कर ठेवावा लागेल. मधल्या वर्षांत त्या कामगाराचे साडेनऊ टक्के जात राहतील, हे कबूल आहे. त्यावर आजच्या घडीला बिनतोड उत्तर नाही. मागणी मात्र नेमकी करता येते : या दोन जिल्ह्यांतून गोळा होणाऱ्या इंधनावरच्या व्हॅटचा ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्यांच्या एसटी फेऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी आगारनिहाय छापावा.

आक्षेपक : त्या मागणीला एक पुस्ती हवी. ज्या गावाला सकाळी जायला आणि संध्याकाळी परतायला गाडी नाही त्या गावांची यादी आधी छापावी, आणि ती गावे गाडीने जोडली जाईपर्यंत राज्याने व्हॅट वाढवू नये. कर भरणाऱ्याला आपण कशासाठी भरतो हे कळण्याचा एवढा तरी हक्क आहे.

या दोन्ही मागण्यांसाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. राज्याचा व्हॅट मुंबईत मंत्रिमंडळाच्या निर्णयाने बदलतो, तसा तो जुलै २०२२ मध्ये बदलला होता. फेऱ्यांचे वेळापत्रक एसटीचे सातारा आणि सांगली विभाग ठरवतात. ज्या गावात संध्याकाळची गाडी येत नाही तिथल्या ग्रामसभेने तसा ठराव करून तो विभाग नियंत्रकांकडे आणि आपल्या आमदाराकडे लेखी पाठवावा.